शुक्रवारची पिशवी

माझ्या मुलीच्या शाळेवर माझा पहिल्या दिवसापासून राग होता आणि तो लपवायचा मी फारसा प्रयत्नही केला नाही. मुलगी साडेपाच वर्षांची, इयर वनमध्ये, म्हणजे इथल्या पहिलीत. आम्ही नॉटिंगहॅमला आलो ते बायकोच्या हॉस्पिटलच्या नोकरीमुळे. ती भूलतज्ज्ञ आहे. मी सॉफ्टवेअरवाला, आठवड्यातले चार दिवस घरून काम करणारा, त्यामुळे मुलीला शाळेत सोडणं-आणणं माझ्याकडे होतं. सप्टेंबरात पालकांना वर्ग बघायला बोलावलं, तेव्हा मी दारातच थबकलो. बाकं नव्हती, वह्या नव्हत्या. एका भिंतीशी गुडघ्याएवढ्या उंचीचं सुताराचं टेबल होतं आणि त्यावर खऱ्या हातोड्या, खरे खिळे आणि एक छोटी करवत. दुसऱ्या भिंतीशी वाळूचं घमेलं, पाण्याचा टब, तराजू, बाटल्यांच्या बुचांनी भरलेल्या बरण्या. भंगारवाल्याच्या दुकानात याहून जास्त शिस्त असते, असं मी बायकोला मराठीत म्हणालो. तिने मला कोपर मारलं.

वर्गाच्या बाई तिशीच्या होत्या. डोक्यावरच्या अंबाड्यात पेन्सिल खोचलेली, अंगात रंगाचे डाग पडलेली डंगरी. मुलं त्यांना ‘मिस’ म्हणत, म्हणून आम्हीही मिस म्हणायला लागलो. त्यांनी समजावून सांगितलं की या वर्गात सगळ्यांना एकच धडा नसतो. प्रत्येक मुलाचा स्वतःचा प्लॅन असतो, स्वतःचं फोल्डर असतं. मुलाच्या हाताला आज काय जमतंय ते त्या बघतात, लिहून ठेवतात, फोटो काढतात आणि त्याच्या पुढची पायरी त्या मुलापुरती ठरवतात. कुणी खिळा ठोकत असेल, कुणी नुसतं पाणी ओतत असेल. घाई कुणालाच नाही.

मी विचारलं, “टेबल्स कधी सुरू करणार? तिला पाचपर्यंतचे पाढे येतात.”

“व्हेन शी इज रेडी,” मिस म्हणाल्या.

“पण येतात. म्हणजे ती रेडी आहे.”

“लव्हली,” मिस म्हणाल्या आणि शेजारच्या पालकांकडे वळल्या.

ते ‘लव्हली’ माझ्या डोक्यात गेलं. या देशात समोरच्याचं ऐकायचं नसलं की लोक लव्हली म्हणतात. दहा वर्षं मी ऑफिसात हा शब्द झेलतोय, मला त्याचा अर्थ चांगला कळतो. घरी येताना मी बायकोला म्हणालो, “पोरीला डॉक्टर-इंजिनियर नको करायला, सुतार करू.” ती म्हणाली, “चांगला सुतार मिळत नाहीये आपल्याला तीन महिने. कर.” हॉस्पिटलमधून थकून आली की ती अशी बोलते.

आता पिशवीबद्दल. दर शुक्रवारी प्रत्येक मुलाबरोबर एक कापडी पिशवी घरी यायची. आत अंड्यांचा पुठ्ठ्याचा ट्रे, टॉयलेट रोलच्या नळ्या, सुतळी, बुचं, कबाबच्या काड्या, चिकटपट्टी. मुलाने शनिवार-रविवारात त्यातून मनाला येईल ते करायचं आणि सोमवारी परत आणायचं. त्यावरून मिस त्या मुलाचा पुढचा आठवडा ठरवणार. पिशवीत सूचनांचा एक कागदही होता. मी तो वाचला, पण आमच्याकडे असले कागद जसे वाचतात तसा वाचला. म्हणजे तारीख बघितली आणि बाकीचं मला माहीतच आहे असं धरून चाललो.

पहिल्या रविवारी मुलीने बस केली. कॉर्नफ्लेक्सचा खोका आणि त्याला चिकटपट्टीचे इतके वेढे की खोका दिसेना. एका बाजूला सहा चाकं, दुसऱ्या बाजूला एकही नाही. मी विचारलं, दुसरीकडची चाकं कुठे गेली. ती म्हणाली, “तिकडून कोण बघत नाही.” बसमध्ये एक बूच होतं. तो ड्रायव्हर होता आणि तो झोपला होता.

मला लाज वाटली. हे असंच्या असं लिहितो, कारण नंतर मी त्या लाजेला बरीच चांगली नावं देऊन पाहिली. सोमवारी ही बस सगळ्यांसमोर बाहेर निघणार, फाटकाशी इतर पालक बघणार आणि त्यांना वाटणार की या घरात कुणाला दोन काड्या सरळ लावता येत नाहीत. मी स्टीलची पट्टी आणि कटर आणला.

पुण्यात माझ्या लहानपणी ‘प्रोजेक्ट’ म्हणजे काय हे सगळ्यांना ठाऊक होतं. चौथीत असताना माझ्या वडिलांनी थर्माकोलचं धरण केलं होतं. निळ्या जिलेटिनचं पाणी, आत टॉर्चचा बल्ब, दरवाजे उघडमीट करणारे. माझ्याकडे फेव्हिकॉलच्या बाटलीचं झाकण लावायचं काम होतं. बाईंनी मला वर्गात उभं करून विचारलं, “स्वतः केलंस ना?” मी म्हणालो, “हो बाई.” त्यांनी शाबासकी दिली आणि संध्याकाळी वडील न्यायला आले तेव्हा त्यांना म्हणाल्या, “तुमचा हात छान आहे हो.” यात कुणी कुणाला फसवलं नव्हतं. तो प्रश्न विचारायची पद्धत होती आणि ‘हो’ म्हणायची पद्धत होती. शेजारच्या मुलाचा किल्ला त्याच्या मामाने केला होता, मागच्या बाकावरच्या मुलीचं पवनचक्कीचं मॉडेल तिच्या आईने. मुलांच्या नावाने आईवडिलांची स्पर्धा चालायची आणि सगळे खूश असायचे.

तेव्हा मी बस केली. खोका पुन्हा कापला, काड्यांचे आस घातले, चारही चाकं समान अंतरावर, मागे रबरबँड गुंडाळून सोडला की पळणारी. मुलगी शेजारी बसली होती. मी तिला म्हणत होतो, “हे धर. घट्ट धर. हलवू नकोस.” तिने तिच्या परीने फार चांगलं धरलं. मधे एकदा तिने कटरकडे हात नेला, तर मी ओरडलो. तिचा झोपलेला ड्रायव्हर मला कुठे बसवता येईना, तो मी काढून टाकला.

सोमवारी फाटकाशी मिसनी बस उघड्या फरशीवर सोडली. बस सरळ गेली आणि एका बाईंच्या बुटाला लागून थांबली. मिस वाकून बसल्या, चाकं फिरवून पाहिली आणि मला विचारलं, “डिड शी डू इट हरसेल्फ?”

“येस मिस. मोस्टली,” मी म्हणालो. प्रश्न विचारायची पद्धत इथेही आहे म्हणून मला बरंच वाटलं.

पुढच्या आठवड्यात मी तराजू केला. मग उघडणारा पूल, मग सुतळीच्या रिळाची क्रेन. रविवारची दुपार माझी झाली होती. आणि मी चांगला होतो, हे सांगायला मला आजही आवडतं. पंधरा वर्षं स्क्रीनकडे बघून माझ्या हातांना काही खरं करायला मिळालं नव्हतं. बायको एकदा स्वयंपाकघरातून बाहेर येऊन बघत उभी राहिली आणि म्हणाली, “तू तिच्याशी खेळतोयस की तिच्या वस्तूंशी?” मी म्हणालो, “शिकते आहे ती बघून.” मुलगी तेव्हा पुलाची एक बाजू धरून बसली होती आणि खिडकीबाहेर बघत होती.

फाटकाशी उभं राहून मी इतरांच्या पिशव्या बघायचो. एका मुलाने मोज्यात बुचं भरून आणली होती, बास. त्याचा बाप मोठ्या कौतुकाने सांगत होता की हा साप आहे. मी मनात हसलो. कुणीतरी नुसता अंड्यांचा ट्रे हिरवा रंगवला होता. आणि मिस प्रत्येकाला तेच विचारायच्या, त्याच गंभीर चेहऱ्याने: हे तूच केलंस का, पहिल्यांदा काय केलंस, कुठे अडलं. मला वाटायचं, केवढं हे नाटक.

ऑक्टोबरच्या सुट्टीआधी मिसनी मुलीचा नवा प्लॅन दाखवला. त्यात लिहिलं होतं की तिला आस आणि चाक समजतं, ती सेंटिमीटरमध्ये मोजते, भाराचा विचार करते. तिला सुताराच्या टेबलावर मोठ्या वर्गातल्या दोन मुलांबरोबर बसवायचं ठरलं होतं. मी त्या पानाचा फोटो फॅमिली ग्रुपवर टाकला. नागपूरच्या काकूंनी लिहिलं की वळण बापावर गेलंय. मी ते बायकोला वाचून दाखवलं.

मग दर सोमवारी मुलीच्या पोटात दुखायला लागलं. आधी बायकोने पोट तपासलं, मग ती नाटक करतेय म्हणून मी रागावलो, मग आम्ही सकाळी नाश्ता बदलून पाहिला. ती शाळेत जायची, पण फाटकाशी माझ्या हातातून तिचं बोट न् बोट मला सोडवावं लागायचं. एकदा मिसनी मला बाजूला घेतलं. म्हणाल्या, ती टेबलाशी बसते पण सुरुवातच करत नाही. बाहुल्यांच्या घराची लिफ्ट करायला दिली आहे, दोन आठवडे ती नुसती लाकूड हातात घेऊन बसली आहे. “इज एव्हरीथिंग ओके ॲट होम?”

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. हा प्रश्न बाहेरून आलेल्या आमच्यासारख्यांनाच बरोबर विचारला जातो. वर्ग तुमचा, प्लॅन तुमचा, लाकूड तुमचं, आणि चूक मात्र आमच्या घरात. मी म्हणालो की घरी ती सगळं करते, तेव्हा अडचण घरी नसून वर्गात असावी. मिसनी मान डोलावली आणि ते लिहून घेतलं. हो, त्या सगळंच लिहून घ्यायच्या.

नोव्हेंबरच्या शेवटी पत्र आलं. मुलगी घरी बनवते आणि शाळेत बनवू शकत नाही, यात मोठी तफावत आहे. तिच्या हातांची पकड आणि हालचाल तज्ज्ञाकडून तपासून घ्यावी असं शाळेला वाटतं. त्यासाठी आईवडील दोघांनी भेटायला यावं.

ते पत्र मी तीनदा वाचलं. साडेपाच वर्षांच्या माझ्या मुलीच्या नावापुढे आता काहीतरी लिहिलं जाणार होतं. आणि ते कशामुळे लिहिलं जाणार होतं ते घरात एकाच माणसाला पक्कं माहीत होतं. बायको पत्र वाचून पहिलं वाक्य बोलली ते असं, “तिच्या हातांना काही झालेलं नाही. मी रोज तिच्या वेण्या घालताना बघते, रबरं तीच लावते.”

“मग तसं सांग ना मीटिंगमध्ये. डॉक्टर आहेस तू.”

“आणि घरी बनवतं कोण, ते कोण सांगणार?”

“थोडी मदत सगळेच करतात.”

मी लॅपटॉप उघडला. त्यानंतर चार दिवस मी जो विचार केला तो लिहायला मला आजही जड जातं. होऊ दे तपासणी, असं मी ठरवलं होतं. हात ठणठणीत निघतील, शाळेचं तोंड बंद होईल आणि बस, पूल, क्रेन यांचं कुणाला काही कळणार नाही. कुणीतरी परकं माणूस माझ्या मुलीला मणी ओवायला लावेल, चिमटे दाबायला लावेल, तिच्या बोटांकडे बघून कागदावर खुणा करेल, हे मला चालणार होतं. मिसच्या समोर ‘मी केलं’ म्हणणं चालणार नव्हतं.

मीटिंग वर्गातच झाली. मुलांच्या खुर्च्यांवर बसायचं होतं. माझे गुडघे हनुवटीला लागत होते आणि भांडायला आलेल्या माणसाची त्यामुळे अर्धी हवा जाते. मी घरून फाइल आणली होती. तिच्यात पाढ्यांची वही, तिने लिहिलेली देवनागरी अक्षरं, बस-पुलाचे माझ्या फोनवरून छापलेले फोटो. मिसनी त्यांचे फोटो टेबलावर दोन ओळींत मांडले. वरच्या ओळीत घरून आलेल्या वस्तू. खालच्या ओळीत वर्गातली मुलगी. एकात ती लाकूड धरून, एकात हातोडी धरून, एकात दुसऱ्या मुलाची फळी धरून, तो खिळा ठोकतोय.

“ती इतरांना मदत करते,” मिस म्हणाल्या. “फक्त धरून देते. मी तिला विचारलं की तुला काय चांगलं येतं. तिचं उत्तर मी तिच्याच शब्दांत लिहून ठेवलंय.” त्यांनी फोल्डरमधला कागद वाचला. “आय ॲम गुड ॲट होल्डिंग. आय डोंट मूव्ह.”

वर्गात टबातलं पाणी कुठेतरी ठिबकत होतं. मी फाइल मिटली, उघडली, पुन्हा मिटली. बायको माझ्याकडे न बघता मराठीत म्हणाली, “तू सांगतोस की मी सांगू?”

मी सांगितलं. आधी थोडी मदत म्हणालो, मग बरीच मदत म्हणालो. मग बायकोने खुर्ची मागे सरकवल्याचा आवाज आला आणि मी म्हणालो की सगळं मी केलं, पहिल्या बसपासून.

मिसनी लव्हली म्हटलं नाही. त्यांचा चेहरा मानेपासून लाल होत गेला. “मी दर सोमवारी तुम्हाला विचारलं,” त्या म्हणाल्या. “दर सोमवारी.”

मी म्हणालो की आमच्याकडे तो प्रश्न पद्धत म्हणून विचारतात. सगळ्यांना माहीत असतं. वाक्य तोंडातून बाहेर पडत असतानाच ते किती पोकळ आहे ते मला ऐकू येत होतं.

“इथे मला माहीत नव्हतं,” मिस म्हणाल्या. “मी तो प्रश्न विचारते कारण मला उत्तर हवं असतं. तुमच्या उत्तरावर मी तिचं टेबल बदललं. तिच्या मैत्रिणींपासून तिला उठवून मोठ्या मुलांत बसवलं. म्हणजे ऑक्टोबरपासून मी तुम्हाला शिकवतेय, आणि ती तुमच्या जागी बसलीय.” एवढं बोलून त्यांनी वरच्या ओळीतले फोटो गोळा केले आणि माझ्यापुढे ठेवले. “हे तुमचे आहेत.”

मला त्यांचा प्रचंड राग आला. त्या बरोबर होत्या म्हणूनच तो इतका आला. परत येताना बायको गाडी चालवत होती आणि मी बोलत होतो: ही काय बोलायची रीत झाली, पालकांशी असं बोलतात का, एवढी अक्कल होती तर तिला पहिल्याच बसला कळायला हवं होतं. बायकोने सिग्नलला गाडी थांबवली आणि म्हणाली, “तू गप्प बस आता.” लग्नाला अकरा वर्षं झाली, अशा आवाजात ती माझ्याशी कधी बोलली नव्हती.

तपासणी रद्द झाली. मुलीला पुन्हा तिच्या जुन्या मैत्रिणींमध्ये बसवलं आणि प्लॅनचं पहिलं पान नव्याने लिहिलं. पिशवी आमच्या घरी यायची बंद झाली. शिक्षा म्हणून नाही, असं मिस म्हणाल्या, पण बाकीच्या एकोणतीस मुलांच्या खांद्यांवर ती दर शुक्रवारी दिसायची. मी मुलीला खाली बसवून सांगितलं की आता बाबा काही करणार नाही, सगळं तूच करायचं. मला वाटलं होतं ती खूश होईल. तिने विचारलं, “तू मिसला सांगितला?”

“हो. खरं ते सांगितलं.”

“मग आता तिला कळला, मला काहीच येत नाही.” ती रडली नाही. सोफ्यावरून उतरली आणि आत आईकडे गेली.

जानेवारी असाच गेला. ती पाणी ओतायची, वाळू मोजायची, असं मिस दोन वाक्यांत सांगायच्या. माझ्याशी त्या सभ्यपणे बोलत, पण पूर्वीसारखं थांबत नसत. पोटदुखी थांबली. मी फाटकापासून जरा लांबच उभा राहायला लागलो. मोज्याचा साप करणाऱ्या मुलाचा बाप तिथेच असायचा, रोज नवीन काहीतरी हातात घेऊन, आणि मला त्याचा मनस्वी हेवा वाटायचा.

फेब्रुवारीत एका मंगळवारी मिस स्वतः माझ्याकडे चालत आल्या. “तिने केलं,” त्या म्हणाल्या. काय केलं ते त्यांना सांगता येईना, हाताने दाखवत होत्या: लाकडाचे तीन तुकडे, खूप खिळे, बरेचसे वाकडे, वर काहीतरी टांगलेलं. चारदा पडलं, पाचव्यांदा उभं राहिलं. कुणी धरलं नव्हतं. बोलताना त्यांचे डोळे चमकत होते आणि त्या क्षणी मी माझं सगळं वैर विसरलो होतो.

मी म्हणालो, “घरी कधी आणणार? तिच्या आईला दाखवू.”

फाटकाच्या कडीशी मिसची बोटं चाळा करत राहिली. “मी विचारलं तिला. ती म्हणाली, इथेच ठेवा, वरच्या फळीवर. घरी न्यायचं नाही. घरी बाबा आहे, तो नीट करेल.”

तेवढ्यात मुलगी बाहेर आली. कोटाची बटणं वरखाली लावलेली, गालावर भुसा. मिस आत गेल्या. आम्ही चालायला लागलो आणि थोडं पुढे गेल्यावर, अगदी सहज विचारावं तसं, मी विचारलं, “आज काय बनवलंस शाळेत?”

तिने माझ्याकडे नीट बघितलं.

“काही नाही बनवला,” ती म्हणाली आणि तिची पायाने ढकलायची छोटी स्कूटर घेऊन पुढे गेली.